धावायला शिकले, त्याची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेपुढे उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. हळदीकुंकवाला मी पुष्कळ बोलते, पण तिथे ध्वनिक्षेपक नसतो. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार शोधू नका. सचिवबाई म्हणाल्या, "तू धावलीस ना? मग कशी धावलीस, तेवढेच सांग." म्हणून तेवढेच सांगणार आहे.

सन २०२५ च्या १९ जानेवारीला मुंबई मॅरेथॉन झाली. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. ते काही आपले काम नव्हे. पण त्याच दिवशी 'ड्रीम रन' नावाची सुमारे सहा किलोमीटरांची एक धाव असते. तिच्यात कोणी वेळ मोजत नाही, धावण्यात पहिला-दुसरा नंबर काढत नाही. झेपेल त्याने धावावे, न झेपेल त्याने चालावे. कोणी सोंगे घेऊन येतात, कोणी हातात पाट्या धरून येतात. आपल्या मंडळाच्या आम्ही चौघी तीत गेलो होतो.

माझे नाव त्यात कसे गेले, ते ऐका. गणपतीच्या आधीची सभा होती. सचिवबाई नावे लिहून घेत होत्या आणि मी चहाचे कप गोळा करत होते. त्यांनी विचारले, "तुझे घालू का?" मी म्हटले, "घाला." मला वाटले, पाणी वाटायचे काम असेल! घरी जाऊन कागद वाचला तेव्हा उमगले की पाणी द्यायचे नाही, प्यायचे आहे.

घरी सांगितले तर मुलगा खो खो हसला. आमचे हे म्हणाले, "गाडी पकडायला पळतेस तेवढे पुरे नाही का?" सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नुसते विचारले, "रस्त्यावर? सगळ्यांदेखत?"

भगिनींनो, खरी अडचण तीच होती. चाळीचे तीन जिने चढताना मला धाप लागत असे. आदल्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली होती, तेव्हा व्यायामाची गरज मला कळत होती. पण बाईमाणसाने रस्त्यावर पळायचे म्हणजे एक तर नळाचे पाणी जात असावे, नाही तर घरी काही विपरीत घडलेले असावे. काही कारण नसताना, केवळ आपल्यासाठी पळणारी बाई मी आमच्या गल्लीत पाहिलीच नव्हती.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकटीच मरीन ड्राइव्हवर गेले. पायांत मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. कोणी पाहण्याच्या आत आटोपावे, म्हणून कुत्रे मागे लागल्यासारखी सुटले. चार दिव्यांच्या खांबांपुढे काही जाता आले नाही. बरगडीखाली अशी कळ आली की कठड्यावर बसलेच. दोन तरुण मुले शेजारून धावत गेली. ती हसली नाहीत, पण मला वाटले हसली. घरी आले तर टाचेला हा एवढा फोड! घरच्यांना सांगितले, "आज हवा बरी नव्हती." मग चार दिवस गेलेच नाही.

पाचव्या दिवशी आपल्याकडे तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठले. त्यांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, छाती तपासली. चालताना छातीत दुखते का, चक्कर येते का, हे विचारले. माझ्या वयाच्या प्रत्येकीने एवढे तरी आधी करावे, आणि ज्यांना हृदयाचे दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. मग बाई म्हणाल्या, "तुमची चूक एवढीच, की तुम्ही पहिल्या दिवशी धावलात. आधी चाला."

त्यांनी जे सांगितले ते मी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवले. तेच वाचून दाखवते.

पहिले तीन आठवडे नुसते भरभर चालायचे, अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. चौथ्या आठवड्यापासून एक मिनिट हळू धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे दहा वेळा. ते अंगवळणी पडले की दोन मिनिटे धावायचे नि दोन चालायचे. धावण्याचा वेग किती? तर शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. लागोपाठ दोन दिवस धावायचे नाही, कारण दम लवकर वाढतो, पण हाडे आणि सांधे सावकाश तयार होतात. पाऊल लांब टाकायचे नाही, लहान टाकायचे. पोट भरून जायचे नाही, आणि अगदी उपाशीही नाही. एखादे केळे पुरते. बूट मात्र आपल्या मापाचे हवेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले, आणि आत मोजे हवेत.

बुटांसाठी मी भिशीचे पैसे मोडले. पंचवीस वर्षांच्या संसारात स्वतःच्या पायांसाठी एवढे पैसे मी कधी घातले नव्हते. दुकानातून आणल्यावर दोन दिवस ते खोक्यातच ठेवले होते, परत करता येतील म्हणून!

आता एक गोष्ट सांगते. ती सांगू की नको, याचा आठवडाभर विचार केला. छापतानाही ती गाळू नका, असे मी सचिवबाईंना सांगितले आहे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या पुष्कळ बायकांना खोकताना, शिंकताना, उडी मारताना थोडी लघवी होते. मलाही होत असे. धावायच्या नुसत्या कल्पनेने माझ्या पोटात गोळा येई तो त्यासाठी. आजवर मी हे कोणाला बोलले नव्हते. आईला नाही, बहिणीला नाही. डॉक्टरीणबाईंना चाचरत सांगितले, तर त्या म्हणाल्या, "रोज कोणीतरी बाई मला हेच सांगते, आणि प्रत्येकीला वाटते आपण एकट्याच." लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच दिवसातून तीन वेळा, दहा-दहा वेळा आवळून सोडायचे. भाजी निवडताना करावे, गाडीत बसून करावे, कोणाला कळत नाही. दोन-अडीच महिन्यांत मला बराच फरक पडला. ज्यांना पडणार नाही त्यांनी डॉक्टरांना दाखवावे, त्यावर उपाय आहेत. पण या एका गोष्टीपायी कितीतरी जणी लांबचा प्रवास टाळतात, मोकळेपणी हसतसुद्धा नाहीत. लाज बाळगून ते बरे होत नाही, भगिनींनो.

दुसरा प्रश्न होता सकाळचा. साडेपाच ते साडेसहा ही वेळ म्हणजे डबे, पाणी, दूध. मी ह्यांना म्हटले, "आठवड्यातले चार दिवस हा तास माझा." हे काही बोलले नाहीत. बोलल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, "मी चारला उठून बसलेलीच असते. कणीक मी मळून ठेवीन. चहा त्याचा तो करील." पहिल्या दिवशी ह्यांनी चहात साखर घालायची विसरली. त्यावाचून कोणाचे अडले नाही.

पुढे आम्ही चौघी एकत्र जाऊ लागलो, आणि निम्मी लाज तिथेच गेली. एकटी बाई पळते तेव्हा लोक बघतात, चौघी पळतात तेव्हा लोक वाट देतात.

माझी मुलगी मला फोनवर वाचून दाखवी. ती म्हणाली, "आई, ही लाज काय आपल्याकडेच होती?" अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी नंबर लावून धावत होती, तर शर्यतीच्याच एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढू पाहिले. ती तशीच धावत राहिली आणि शर्यत पुरी केली. तिथे बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये तर बायकांची मॅरेथॉन १९८४ मध्ये पहिल्यांदा झाली. आणि आपल्या बारामतीच्या लता भगवान करे! साठी उलटलेली बाई, आजारी नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात अनवाणी धावली आणि पहिली आली. तिच्यावर पुढे चित्रपट निघाला. हे ऐकल्यावर माझी कुरकुर मीच आवरती घेतली.

शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात, म्हणून आम्ही गिरगावातून चालतच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी गेलो. केवढी ती माणसे! सुरुवातीला धावायला जागाच नव्हती, नुसते मुंगीच्या पावलांनी सरकायचे. बरे झाले, त्यामुळे पहिल्या दिवसाची चूक पुन्हा झाली नाही. मग रस्ता मोकळा झाला. आम्ही ठरल्याप्रमाणे दोन मिनिटे धावत होतो, दोन मिनिटे चालत होतो. आमच्यातल्या एका वहिनींच्या पोटरीत गोळा आला. आम्ही थांबलो, त्यांचा पाय ताणून दिला, आणि मग चौघीही चालत निघालो. फुटपाथवरच्या अनोळखी बायका आमच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. मला आयुष्यात टाळ्या मिळाल्या त्या बहुधा पहिल्याच.

चालता चालता मनात एक हिशेब आला. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. गावातली शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरांवर, वाटेत एक वहाळ आणि थोडे रान. माझा भाऊ रोज चालत गेला. वडील मला म्हणाले, "मुलीच्या जातीला एवढे लांब झेपायचे नाही." वडिलांवर माझा राग नाही, त्या वेळी चारचौघे बोलत तेच ते बोलले. पण मी ते खरे धरून बसले. तीस वर्षे मला वाटत आले की सहा किलोमीटर म्हणजे फार मोठे अंतर असले पाहिजे, म्हणून तर माझी शाळा सुटली.

त्या दिवशी ते सहा किलोमीटर संपले. निम्म्याहून जास्त मी चाललेच, हे कबूल करते. शेवटी पाय दुखले, पण चक्कर आली नाही, पडले नाही. आणि मला इतके वाईट वाटले की बाजूला उभी राहून मी रडले. बरोबरच्या जणींना वाटले आनंदाचे अश्रू आहेत. मी काही बोलले नाही. आज सांगते आहे. ते अंतर तेव्हाही मला झेपले असते.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय शेकायला गरम पाणी दिले आणि विचारले, "कोणी हसले का?" मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सुनेला घेऊन जा. पोरगी दिवसभर घरात कोंडलेली असते."

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, मंगळवार, गुरुवार आणि रविवार पहाटे पावणेसहाला आपण चौपाटीपाशी जमावे. जिला धावायचे नाही तिने चालावे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे प्रकृतीला पुरेसे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत हळू चालणारीबरोबर कोणी तरी एकीने राहायचेच, हा नियम असावा. दुसरी सूचना, येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटू नयेत. ते सगळ्यांच्या माळ्यावर पडून आहेत. त्याऐवजी पायमोज्यांचा एकेक जोड द्यावा.

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई आज समोर बसल्या आहेत. त्यांनी परवाच बूट आणले, आणि ते अजून खोक्यातच आहेत, असे कळते. त्यांनी ते उद्या काढावेत.