भिंतीला पाणी कोण घालतं?

आम्ही एका बचत गटातल्या अकरा जणी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या उताराला. गटाची एक परसबाग आहे. तिथे आम्ही भाजी लावतो, आंब्या-काजूची रोपं करतो. आज तुम्हाला सांगणार आहोत ती या बागेच्या गडग्याची, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीची गोष्ट. आमचं एकदा चुकलं. तुमचं चुकू नये, म्हणून सांगतो.

आमची भिंत ४० फूट लांब आणि ४ फूट उंच. चिरा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो, शेवाळ धरतो, दरजांमधली माती वाहून जाते. म्हणून आम्ही ठरवलं की दोन्ही अंगांनी गिलावा करायचा. शिवाय रोपं भरायला, मीटिंगला बसायला बागेत एक फळ्यांचा ओटा करायचा, कारण पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला कोरडी जागा नसते.

गिलाव्याचं काम आम्ही मे महिन्यात काढलं. पावसाआधी उरकायचं, असं सगळेच म्हणतात, आम्हीही म्हणालो. गवंडीदादा आले. हाताखाली आम्हीच होतो. तीन दिवसांत भिंत गुळगुळीत झाली. गटाच्या शिलकीतले ९ हजार रुपये त्यात गेले. फोटो काढले, सगळ्यांना दाखवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागले. कोयत्याच्या मुठीने ठोकून पाहिलं, तर अर्धी भिंत पोकळ वाजत होती. बोटाने खरवडलं की भुगा पडायचा. घरात बोलणी बसली. "बायकांनी भाजी लावावी, बांधकामात कशाला पडावं?" एका वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या शिलकीतून त्यांना मुलीच्या फीसाठी कर्ज मिळणार होतं. ते दोन महिने पुढे गेलं.

गटाची बैठक झाली. पहिला राग गवंडीदादांवर निघाला. मग आमच्यातल्या एक वयस्क काकू म्हणाल्या, "त्याने जाताना काय सांगितलं होतं, आठवतंय का? पाणी मारा म्हणाला होता. मारलं कोणी?"

कोणीच नाही. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. खालच्या वाडीतून हंडे आणावे लागतात. घरात प्यायला पाणी पुरेना, तिथे भिंतीला कुठून घालणार? पहिल्या संध्याकाळी चार कळशा ओतल्या आणि मग विसरलो.

मैत्रिणींनो, खरी चूक इथे आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिंपल्या, अंगणं सारवली. शेणामातीचा हात वाळला की घट्ट होतो. आम्हाला वाटलं, सिमेंटचंही तसंच. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी मिळून घट्ट होतं. पाणी लवकर उडून गेलं, तर सिमेंट अर्धवटच राहतं. बाहेरून टणक दिसतं, आतून भुसभुशीत.

दुसरी चूक म्हणजे आम्ही कोरड्या चिऱ्यावर माल लावू दिला. सारवताना आपण आधी जमिनीवर पाणी शिंपडतो की नाही? तसंच हे. कोरडा चिरा मालातलं पाणी शोषून घेतो आणि मग माल भिंतीला धरत नाही. तिसरी चूकही आमचीच. दुपारी जेवून आलो तेव्हा घमेल्यातला माल आवळला होता. आम्ही त्यात पुन्हा पाणी घालून कालवला आणि दिला. तसा माल कधीच ताकद धरत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी पहिला निर्णय घेतला तो वेळेचा. काम दिवाळीनंतर काढायचं. तेव्हा विहीर भरलेली असते, ऊन मऊ असतं. तीच भिंत, तेच गवंडीदादा. पण या वेळी आम्ही अटी घातल्या, आणि दादांनीही मोकळेपणाने सगळं शिकवलं.

आधी सुटलेला गिलावा पूर्ण खरवडून काढला. चिऱ्यांच्या दरजा अर्धा इंच खोल कोरल्या, म्हणजे माल आत शिरून धरतो. ब्रशने धूळ आणि शेवाळ काढून भिंत धुतली. आदल्या संध्याकाळी भिजवली, सकाळी परत शिंपडली. भिंत ओलसर हवी, पण पाणी ओघळत नको.

मालाचं माप घमेल्याने घेतलं. एक घमेलं सिमेंटला चार घमेली चाळलेली वाळू. डोळ्यांच्या अंदाजाने फावडी मारायची नाहीत. दोन्ही बाजू मिळून ३२० चौरस फूट होतात. अर्धा इंच जाडीला ४ पोती सिमेंट आणि पाव ब्रास, म्हणजे २५ घनफूट वाळू पुरली. खाडीची खारी वाळू घेऊ नका, भिंतीला लोणा लागतो. माल थोडा थोडा कालवायचा आणि अर्ध्या तासात संपवायचा. आवळलेला माल टाकून द्यायचा. जीव हळहळतो, पण टाकायचा.

भिंतीच्या माथ्याला उतार दिला, पाणी थांबू नये म्हणून. बुडाशी अळूसाठी चढवलेली माती हातभर मागे ओढली. माती टेकलेली राहिली की ओल खालून वर चढते.

आणि मग पाणी. दुसऱ्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ. गिलाव्याला किमान ७ दिवस लागतात. पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असेल तर १० दिवस, ऊन कडक असेल तर १४ दिवस. आम्ही पाळ्या लावल्या. भिंतीवर जुनी गोणपाटं टाकली आणि ती ओली ठेवली. त्यामुळे पाणी निम्म्याने कमी लागलं. पहिल्या दिवशी जोराची धार मारायची नाही, हाताने शिंपडायचं. पाळी कोणाची, ते वहीत लिहिलं. एकीचा ताप आला तर दुसरी गेली. दहा दिवसांत एकही पाळी चुकली नाही.

गिलावा पुरा झाल्यावरच ओट्याला हात लावला. आधी ओटा केला असता, तर भिंतीचं पाणी आणि सांडलेला माल लाकडावर पडला असता. ओटा १० फूट बाय ८ फूट. एका पडलेल्या घराचे ऐनाचे वासे आणि फळ्या स्वस्तात मिळाल्या. लाकूड मातीत गाडायचं नाही, नाहीतर वाळवी आणि ओल दोन्ही लागतात. म्हणून चिऱ्यांचे नऊ खांब फूटभर उंच बांधले, त्यांवर डांबरी कागद ठेवला आणि मग वासे टाकले. फळी एक इंच जाड, म्हणून खाली दर दीड फुटाला वासा. दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली. पावसात लाकूड फुगतं आणि फटीतून पाणीही जातं. गंज न धरणारे स्क्रू वापरले. फळीच्या टोकाला आधी भोक पाडून घ्यायचं, नाहीतर फळी चिरते. ओटा भिंतीला चिकटवला नाही. वीतभर जागा सोडली, म्हणजे मधे पाला-पाणी साचत नाही आणि झाडू फिरतो.

लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. आपल्याकडे होड्यांना लावतात तेच. पण सांभाळून बरं का, त्याने कातडी भाजते. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा.

यंदाचा अख्खा पावसाळा भिंतीने काढला. ठोकलं तर सगळीकडे भरीव वाजते. ओट्यावर बसून आम्ही रोपांच्या पिशव्या भरल्या. वहिनींच्या मुलीचं कर्जही मार्गी लागलं.

आता शेवटची गोष्ट, आणि हीच सांगायला आज आम्ही इथे आलो. आमच्यातल्या दोघी या कामात थापी आणि गुरमाळा चालवायला शिकल्या. दोघींनीही वीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधकामांवर घमेली उचलली आणि भिंतींना पाणी मारलं. पण थापी त्यांच्या हातात कधी कोणी दिली नव्हती. दिवाळीनंतर गावातल्या एका घरून त्यांना कुंपणाच्या भिंतीचा गिलावा करायला बोलावणं आलं. मजुरी विचारली, तर सांगितली बिगाऱ्याची. दोघींनी नाही म्हटलं. "काम गवंड्याचं, तर मजुरी गवंड्याची," एवढंच बोलून परत आल्या. आठ दिवसांनी दुसऱ्या घरून बोलावणं आलं. त्यांनी आधी आमची भिंत ठोकून पाहिली आणि मग पूर्ण मजुरी कबूल केली.

बायांनो, भिंत उभी राहते ती सिमेंटइतकीच पाण्यावर. आणि ते पाणी आजवर बहुतेक ठिकाणी आपणच घातलं आहे. ते काम हलकं समजून वहीत लिहायचं राहून जातं. तुमच्या गटात बांधकाम निघालं, तर आधी विहिरीत पाणी किती आहे ते पाहा. पाणी घालणारीची पाळी वहीत लिहा, तिच्या वेळेचा हिशोब धरा. आणि एकदा तरी थापी हातात घ्या. हाताला ती लवकर ओळखीची होते, कारण लिंपणं आपल्याला नवं नाही.

येतो आम्ही. नमस्कार.