रानातली आई



आज आपण एका आईची माहिती करून घेऊ. ही आई माणसाची नव्हे. तिला ओरांगउटान म्हणतात. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. रानातला माणूस!

दूर समुद्रापलीकडे बोर्निओ आणि सुमात्रा ही दोन मोठी बेटे आहेत. तिथल्या दाट जंगलात हा प्राणी राहतो. माकडासारखा दिसतो, पण त्याला शेपूट नाही. अंगावर तांबूस केस आणि हात पायांहून लांब. बहुतेक सारा जन्म तो झाडांवरच काढतो.

आपल्या गाईचं वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. ओरांगउटानचं पोर मात्र कित्येक महिने आईच्या अंगाला चिकटून असतं. बाप लक्ष देत नाही. सारा भार एकट्या आईवर. ती पोराला सहा-सात वर्षे अंगावर पाजते. कधी कधी आठ वर्षेसुद्धा! दुसरं पोर सात-आठ वर्षांनी होतं.

एवढी वर्षे कशाला लागतात? शिकायला लागतात. त्या जंगलात खाण्याच्या शेकडो जिनसा आहेत. कोणतं फळ केव्हा पिकतं, कोणता पाला खावा, कोणती साल सोलावी, हे पोराला ठाऊक नसतं. ते आईच्या तोंडाशी तोंड नेऊन निरखून पाहतं. तिच्या हातातला घास मागून घेतं. रोज संध्याकाळी आई फांद्या वाकवून निजायला नवं घरटं करते. पोर ते पाहतं आणि दिवसा खेळता खेळता तसंच करू लागतं. दोन झाडांत अंतर असलं, तर आई दोन्हीकडच्या फांद्या धरून आपल्या अंगाचा पूल करते. पोर तिच्यावरून पलीकडे जातं. आम्ही मास्तर लोक फळा-खडू घेऊन शिकवतो. हिच्या शाळेत फळा नाही आणि खडूही नाही.

आता दुःखाची गोष्ट. तिथली पुष्कळ जंगले तोडून तेलाच्या पामची लागवड झाली आहे. शिवाय काही लोक पिल्लू विकण्यासाठी पकडतात. जिवात जीव असेतो आई पिल्लू सोडत नाही. म्हणून ते आधी आईला मारतात.

आता हिशेब करा. पहिलं पोर होतं तेव्हा आईचं वय पंधराच्या आसपास असतं. साऱ्या आयुष्यात तिला चार-पाचच पोरं होतात. एक आई गेली, तर ती तूट भरून यायला किती वर्षे लागतील!

पोरक्या पिल्लांसाठी मलेशियातल्या सबा राज्यात सेपिलोक इथे १९६४ साली एक केंद्र निघालं. तिथे माणसं पिल्लांना दूध पाजतात आणि झाडावर चढायला शिकवतात. त्यात वर्षामागून वर्षे जातात. जे एकटी आई करते, त्याला तिथे कितीतरी माणसं राबतात.

हे सारं आपल्यापासून फार लांबचं नाही. इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांतून आपला देश पुष्कळ पामतेल विकत घेतो. तेल सगळ्यांनाच लागतं. पण नवी लागवड आधीच उजाड झालेल्या जमिनीवर करता येते. त्यासाठी उभं रान तोडायला नको. पोराला शिकवून शहाणं करायला त्या आईला आठ वर्षे लागतात. तेवढं रान तिच्यासाठी राहू द्यावं.