ठरावातले तीन शब्द

श्रोतेहो, मालवणच्या किनाऱ्यावर माझे एक छोटे गाव आहे. वीसेक वर्षांपूर्वी तिथल्या जमातीच्या बैठकीत एक ठराव झाला. गावात तेव्हा बी.ए. झालेली माणसे मोजकीच होती आणि त्यात मी कविता लिहिणारा. त्यामुळे ठराव लिहायचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘मशिदीची इमारत जुनी, जीर्ण व निरुपयोगी झाली असल्याने ती उतरवून नवीन बांधकाम करण्यात यावे.’ ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते म्हणजे माझ्याही मताने.

ती मशीद कौलारू होती. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, फणसाचे खांब आणि चारी बाजूंनी उतरते छप्पर. घुमट नव्हता, मिनार नव्हते. परगावचा माणूस लांबून पाहून हे एखाद्या खोताचे घर आहे की देऊळ, असे विचारायचा. आमच्या गावच्या देवळाचे छप्परही तसेच होते, कारण पाऊस दोघांवर सारखाच पडायचा आणि दोन्ही छपरे बांधणारे सुतारही एकाच घराण्यातले.

त्या घराण्यातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना आम्ही लाकूड उतरवायला बोलावले. काम सुरू करण्याआधी त्यांनी एकेक खांब बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिला, तुळईला कान लावला आणि मला म्हणाले, “भाय, खांबांक काय्येक झालेला नाय. ही तुळई अजून शंभर वर्सां हलाची नाय. वासे तेवढे बदला.” पण ठराव झाला होता, वर्गणी जमली होती, सिमेंट येऊन पडले होते. मी त्यांना म्हटले, “काका, आता उशीर झाला.” ते काही बोलले नाहीत. कामाला लागले.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती ११ जुलै २०२५ रोजी. त्या दिवशी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आमच्या जिल्ह्यातले दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मालवणात आनंद झाला, तसा मलाही झाला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, तो किल्ला आम्ही लहानपणापासून होडीतून पाहत आलो आहोत. तो मोठा आहे हे आम्हाला कोणी सांगायला नको होते. पण मोठा आहे हे ठरवतात कसे, याचे मला कुतूहल वाटले आणि मी थोडे वाचू लागलो.

वाचताना कळले की जगभर जुन्या वास्तूला मुख्यतः दोन प्रश्न विचारतात. पहिला, हिचे महत्त्व काय? दुसरा, हे महत्त्व जिच्यात आहे ती वास्तू कितपत शाबूत आहे? एखादे घर फार महत्त्वाचे असेल, पण त्याचे दार, छप्पर, भिंती सारे बदलून गेले असेल, तर महत्त्व सांगणारे काही उरत नाही. उलट एखादे घर अगदी जसेच्या तसे उभे असेल, पण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसेल, तर ते केवळ जुने ठरते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे लागतात.

न्यूयॉर्क शहराने हे ठेच लागून शिकून घेतले. तिथले १९१० साली सुरू झालेले पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडायला घेतले. लोक हळहळले, आणि १९६५ साली त्या शहराने वारसा वास्तूंचा कायदा केला. पुढच्याच वर्षी साऱ्या अमेरिकेसाठी राष्ट्रीय नोंदवहीचा कायदा झाला. त्या नोंदवहीत नाव घालण्यापूर्वी शाबूतपणाची तपासणी सात अंगांनी करतात. जागा, रचना, भोवतालचा परिसर, बांधकामाचे साहित्य, कारागिरी, त्या काळाचा प्रत्यय, आणि माणसांशी वा घटनांशी असलेले नाते. सातही अंगे पुरी असलीच पाहिजेत असे नाही, पण बरीचशी असावी लागतात.

आपल्याकडे मुंबईने १९९५ साली असे नियम केले. देशात हे करणारे मुंबई पहिले शहर मानतात. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, दुसरीत प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या. तिसरी श्रेणी मला सर्वांत आवडली. वस्तीला तिचा चेहरा देणाऱ्या आणि एखाद्या समाजाच्या वा प्रदेशाच्या राहणीचा नमुना असलेल्या वास्तू तिच्यात येतात. यादीत घेण्याच्या कसोट्यांत आणखी एक कसोटी आहे. बांधकामाच्या परंपरेची एक साखळी असते. ही वास्तू गेली तर ती साखळी तुटेल का, असा तिचा अर्थ. मी ते वाचले आणि थांबलो. आमच्या मशिदीला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर ‘होय’ असे आले असते.

यादीत नाव आले म्हणजे वास्तू वाचली, असेही नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातले वॉटसन हॉटेल घ्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलत्चित्रे आपल्या देशात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. महत्त्वाला काय कमी? वास्तू यादीतही आहे. तरी २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली. यादी पाडण्यापासून अडवते. छपराची गळती मात्र तिला थांबवता येत नाही.

गळती थांबवणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मिरग जवळ आला की आपण कौले परततो. फुटकी काढतो, नवी घालतो, कुजलेला वासा बदलतो. पन्नास वर्षांत छपरावर मूळचे कौल किती उरते? मग ते घर आजोबांचे राहते की नाही? जपानमध्ये इसे या गावी एक देवालय आहे. ते दर वीस वर्षांनी, त्याच मापाचे, नव्या लाकडात, जुन्याच पद्धतीने उभारतात. मागे २०१३ साली उभारले. मूळ लाकूड नाही म्हणून ते अस्सल नाही, असे कसे म्हणायचे? याच देशातल्या नारा शहरात १९९४ साली तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मान्य केले की अस्सलपणा ज्या त्या संस्कृतीच्या रीतीने तपासावा लागतो. आमच्या सुतारकाकांनी तो बोटांच्या पेरांनी तपासला होता. कायम राहणारे काय आणि बदलायचे काय, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

श्रोतेहो, मी जमातीला दोष देत नाही. जागा खरेच अपुरी पडत होती. ईदला माणसे बाहेर उन्हात उभी राहत. छप्पर परतायला गावात तरुण पोरे उरली नव्हती. कोणी मुंबईला, कोणी आखातात. तिकडून पैसे पाठवणाऱ्यांना वाटे, आपल्या गावातही आता पक्के, मोठे काही व्हावे. ती इच्छा प्रामाणिक होती. आजची मशीद प्रशस्त आहे, पाणी गळत नाही, आणि माझी नमाजही तिथेच होते. पण मागच्या बाजूला जागा होती. जुनी इमारत ठेवून तिला जोडून नवे दालन बांधता आले असते का, हा प्रश्न बैठकीत आला नाही. तो आणण्याचे काम माझे होते. जीर्ण कशाला म्हणतात हे मी सुतारकाकांना विचारले नव्हते, आणि रोज पाच वेळा माणसे जिथे जमत होती त्या इमारतीला मी निरुपयोगी म्हटले होते.

सिंधुदुर्ग किल्ल्याला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, आता जगाचे लक्षही आहे. पण त्या किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावरची कौलारू घरे, माड्या, देवळांचे लाकडी सभामंडप, मशिदी, चर्चच्या आवारातल्या जुन्या पडव्या, यांना कोण पाहणार? मुंबई, पुणे, नागपूर यांच्या याद्या झाल्या. लहान गावाला तज्ज्ञांची वाट पाहत बसायची गरज नाही. एक वही, एक मोजपट्टी, थोडी छायाचित्रे, एक जुना सुतार आणि एक जुना गवंडी एवढे पुरे. घर कोणी बांधले, लाकूड कुठले, काय मूळचे आहे, काय बदलले, आत काय काय घडले, एवढे लिहून ठेवावे. पाडायचे की ठेवायचे हा निर्णय नंतरही घेता येईल. निदान आपण काय पाडतो आहोत, हे ठाऊक असेल.

गेल्या वर्षी शेजारच्या गावातून काही मंडळी घरी आली. त्यांच्या जुन्या शाळेची इमारत उतरवायची होती. “सर, तुमची भाषा चांगली, ठराव तेवढा लिहून द्या,” म्हणाले. मी कागद पुढे ओढला आणि ‘इमारत जुनी’ एवढे लिहून थांबलो. सुतारकाका आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे. मी त्या मंडळींना म्हटले, “मला पंधरा दिवस द्या. आधी त्याला घेऊन खांब ठोकून पाहतो. पुढचे दोन शब्द खरे असतील, तर मीच लिहून देईन.”

त्यांनी पंधरा दिवस दिले. शाळेचे वासे बदलायला झाले होते. खांब चांगले होते.