हक्क लेकराचा, जबाबदारी कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी आष्टी येथे केलेले भाषण)



आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करणारे कामगार आहोत. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

विषय दिला आहे 'व्यक्तीचे हक्क, जबाबदारी आणि देशाचे सरकार'. विषय मोठा आहे. आम्ही तो आपल्या गल्लीवरूनच मांडणार आहोत.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या तालुक्यातून गाड्या भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मग तान्हं कोणी सांभाळायचं? आठ-नऊ वर्षांची पोरगी गाडीत बसते आणि तिची शाळा तिथंच थांबते. आता आम्ही विचारतो, तिची शाळा बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे? बापाला? मुकादमाला? सरकारला?

घटना सांगते, कोणालाच नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ठासून सांगितलं की या घटनेने गाव नव्हे, तर व्यक्ती हा घटक धरला आहे. गावगाड्यात आपल्याला जात होती आणि नेमून दिलेलं काम होतं. माणूस म्हणून आपली मोजदादच नव्हती. घटनेने ती केली. मग ती आठ वर्षांची पोरगीही एक व्यक्ती आहे. ती बापाच्या सामानातलं गाठोडं नव्हे.

पण हा हक्क फुकट आलेला नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९५० साली घटना लागू झाली. कलम ४५ ने सरकारला सांगितलं, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करा. परंतु ते पडलं मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नव्हती.

ती मुदत १९६० साली संपली. आम्ही जन्मलो त्यानंतर. आमचे आईवडील कोयत्यावर गेले, चौथीतून आम्हीही गेलो. हजेरीपटावरचं नाव कमी झालं, एवढंच. कोणी विचारायला आलं नाही.

पुढे २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती झाली. कलम २१-अ आलं आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. त्याच दुरुस्तीने कलम ५१-अ मध्ये अकरावं कर्तव्य घातलं, की पालकाने आपल्या लेकराला शिक्षणाची संधी द्यावी. म्हणजे हक्क लेकराचा, आणि कर्तव्य सरकारचं व आईबापाचं, दोघांचंही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात तर स्पष्ट लिहिलं आहे की, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे स्थानिक प्राधिकरणाने पाहायचं.

आता लोक काय म्हणतात? अर्धे म्हणतात, सरकार काही करत नाही. अर्धे म्हणतात, आपल्याच लोकांना अक्कल नाही. बंधूंनो, पोटाला काम नाही म्हणून बाप उचल घेतो. मागं लेकराच्या जेवणाची सोय नसताना त्याला नुसतं ज्ञान शिकवणं हा अन्याय आहे. पण हंगामी वसतिगृहाची सोय असूनही 'तान्हं कोण सांभाळील' म्हणून पोरगी नेली आणि पोरगा तेवढा मागं ठेवला, तर तो अन्याय आपण केलेला असतो. तो दिल्ली-मुंबईच्या नावावर खपवता येणार नाही.

आमचंही सांगतो. एका वर्षी शेजारची पोरगी दप्तर घरात ठेवून गाडीत बसली. आम्ही पाळीवरून येत होतो. पाहिलं, 'जपून जा बाई' म्हणालो आणि पुढं गेलो. त्याच आठवड्यात विहारात हक्कांवर भाषणही ठोकलं. ती परत आली, पण पुन्हा शाळेत गेली नाही. आज ती स्वतः कोयत्यावर आहे. ते दप्तर आम्हाला अजून दिसतं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, स्वातंत्र्य मिळाल्यावर वाईटाचा दोष इंग्रजांवर टाकता येणार नाही, तो आपलाच राहील. सरकार आपण निवडतो. तेव्हा त्याला जाब विचारणं हीसुद्धा आपलीच जबाबदारी.

म्हणून एवढंच मागणं आहे. दसऱ्याच्या आत, कोण कोण जाणार आणि कोणाची किती लेकरं, याची यादी याच विहारात बसून करू. वसतिगृहासाठी शाळेत लेखी अर्ज देऊ आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदा सांगतो. आया-बहिणींनो, त्या जागा रिकाम्या सोडू नका. आणि जे गावातच राहणार आहेत, त्यांनी शेजारचं एकेक लेकरू आपलं समजून सांभाळावं. पहिलं नाव आमच्या घराचं लिहा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!