धुऱ्यावरच्या कडुनिंबाची वही

(कौंडण्यपूर येथील बैठकीतील भाषण)



रुक्मिणीच्या माहेरी, वर्धेच्या काठावर आज आपण जमलो आहोत. एरवी अशा बैठकीत कापसाच्या भावाचे बोलणे होते. आज धुऱ्यावरच्या कडुनिंबाचे बोलायचे आहे. काहींना हसू येईल. पऱ्हाटीचेच धड नाही, तिथे निंबाचे काय घेऊन बसलात?

हिशेब मांडून पाहा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवली, गाळून शंभर लिटर पाणी केले, की पाच टक्के अर्क तयार. या फवारणीसाठी दुकानदाराकडे उधारी करावी लागत नाही. तेच झाड आता आजारी पडते आहे. शेजारच्या तेलंगणात २०२१ साली गावोगावचे कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागले. फोमोप्सिस नावाची बुरशी कोवळ्या फांद्या वाळवते. फुले-फळे धरत नाहीत. म्हणजे निंबोळीच गेली.

असा रोग पहिल्यांदा कोणाला दिसतो? रोज वावरात जाणाऱ्याला. पण आपण पाहतो, हळहळतो आणि पुढे जातो. लिहून ठेवत नाही.

याची किंमत आम्ही मोजली आहे. २०१७ साली पऱ्हाटीवर डोमकळ्या दिसत होत्या. आम्ही कामगंध सापळे लावले नाहीत, बोंडे फोडून पाहिली नाहीत. शेजाऱ्याने फवारले म्हणून आम्ही फवारले. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत, औषध बाहेर! त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तरच फवारणीची वेळ. एवढे मोजायला पदवी लागत नाही.

सरकार पाहणी करीत नाही असे नाही. २००८ साली सोयाबीन अळीने खाल्ले, त्यानंतर २००९ पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. काम चांगले आहे. पण ती पाहणी पिकांची आणि ठरावीक प्लॉटवरची. धुऱ्यावरचा कडुनिंब त्या कागदावर येत नाही. तो कागद आपणच केला पाहिजे.

अमेरिकेसारख्या देशाचीही गत पाहा. २००८ साली वूस्टर शहरात झाडे पोखरणारा परदेशी भुंगेरा सापडला. तो शास्त्रज्ञाने शोधला नाही. एका घरमालकिणीला आपल्या अंगणात दिसला आणि तिने कळवला. तोवर तो कित्येक वर्षे मुरला होता. पुढे तीस हजारांवर झाडे तोडावी लागली. कोणी आधीच पाहून कळवले असते, तर एवढी कुऱ्हाड चालली नसती.

आता करायचे काय? प्रत्येक गावाने दहा झाडे ठरवावी. झाडाला चुन्याने आकडा घालावा. दर पंधरवड्याला त्याच माणसाने तीच झाडे पाहावी. वहीत तारीख, झाडाचा आकडा, दहा फांद्यांपैकी किती शेंड्याकडून वाळल्या, नवी पालवी आहे की नाही, एवढेच लिहावे. काही दिसले नाही तर ‘काही नाही’ असेही लिहावे. ती नोंद फुकट जात नाही. रोग कधी आला हे तिच्यावरूनच कळते. फाल्गुनात निंब आपसूक पाने गाळतो, त्याला रोग म्हणू नका. म्हणूनच तारीख हवी. शाळकरी पोरगी हे काम आपल्यापेक्षा नीट करील. मोबाइलवर फोटोही तीच काढील.

तीन-चार गावांच्या वह्यांत एकच लक्षण दिसले, की वाळकी फांदी आणि वही घेऊन दुर्गापूर किंवा घातखेडचे कृषी विज्ञान केंद्र गाठायचे, नाहीतर अकोल्याचे कृषी विद्यापीठ. एकटा गेला तर ‘पाहू’ म्हणतील. दहा गावांच्या तारखा समोर ठेवल्या तर बसवून ऐकावे लागेल. निदान होईपर्यंत घाबरून झाड तोडू नका. तेलंगणात पुष्कळ झाडांना पुन्हा पालवी फुटली.

नुकसान झाल्यावर पंचनाम्यासाठी आपण दारोदार फिरतो. या वेळी नोंद आधीच आपल्या हातात असू द्या. पुढल्या बैठकीला येताना गावाची वही घेऊन या. भाषण कमी करू, वह्या वाचू.