स्वागताध्यक्षीय भाषण : लेन्सच्या वजनाचा प्रश्न





ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्याची झूम लेन्स, एवढ्याशा विषयाला पुण्यात दोन दिवसांची परिषद कशाला, असे मला अनेकांनी विचारले. त्यांनी एकदा बिबट्या शोधायला जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात यावे. पहाटे जमीन निवलेली असते, तेव्हा जनावराच्या अंगाची ऊब कॅमेऱ्यात ठळक दिसते. ऊन चढले की तापलेल्या मातीत ती हरवते. दाट पाल्याआड बसलेला बिबट्या कोणत्याच थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही. तो बांधावर येतो तेवढाच अवधी हाती. त्या अवधीत आधी सगळे शिवार धुंडाळायचे आणि ठिपका सापडला की तो कुत्रा की बिबट्या, हे ठरवायचे.

आता आकडे पाहा. डिटेक्टर ६४० पिक्सेल रुंद, पिक्सेल १२ मायक्रॉनचा, अंतर ५०० मीटर. १५ मिलिमीटर फोकल लेंथला २५६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, पण मीटरभर लांबीचे जनावर त्यात जेमतेम अडीच पिक्सेल भरते. ७५ मिलिमीटरला तेच साडेबारा पिक्सेल होते, मात्र पट्टा उरतो ५१ मीटरचा. डिजिटल झूमने ते अडीच पिक्सेल नुसते फुगतात. दोन स्वतंत्र लेन्स बसवल्या, तर एकीवरून दुसरीवर जाताना ठिपका निसटू शकतो. म्हणून सलग झूम हवी, आणि झूम होताना फोकस सुटता कामा नये.

अडचण वजनाची आहे. ८ ते १४ मायक्रॉनचे अवरक्त किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. तिथे सहसा जर्मेनियम लागते. त्याची लेन्स हातात घेतली तर करड्या आरशासारखी चकाकते, आरपार काहीच दिसत नाही. एका घन सेंटीमीटरला ५.३ ग्रॅम, म्हणजे साध्या काचेच्या दुपटीहून जड. शीतकरण नसलेल्या डिटेक्टरला भरपूर किरण लागतात, त्यामुळे ७५ मिलिमीटरची लेन्स एफ १.२ ठेवायची तर पुढचे भिंग ६२ मिलिमीटरहून मोठे करावे लागते. शिवाय कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून ३६ टक्के किरण माघारी जातात, आणि तापमान बदलले की फोकस सरकतो. झूम करताना भिंगे पुढेमागे होतात तसा गुरुत्वमध्य हलतो. तो सावरायला कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या मोटरींना जोर लावावा लागतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजते.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वर्गवारी पेलोडसह एकूण वजनावर ठरते; पहिल्या तीन सीमारेषा २५० ग्रॅम, २ किलो, २५ किलो. सीमारेषेवरचा ड्रोन जड लेन्समुळे वरच्या वर्गात जातो.

वजन उतरवण्याचे मार्ग आहेत. हिऱ्याच्या हत्याराने अगोलीय पृष्ठभाग कातला की कमी भिंगांत काम भागते. चाल्कोजेनाइड काच जर्मेनियमपेक्षा हलकी, साच्यात घडवता येणारी, तापमानाला कमी बिचकणारी. पिक्सेल लहान झाला की तेवढ्याच तपशिलाला आखूड लेन्स पुरते. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून जर्मेनियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून कातकामाचा प्रत्येक कीसही जपून ठेवायला हवा, हे आमच्या लेन्सच्या धंद्याला नीट उमगले. म्हणूनच चाल्कोजेनाइड काचेवर आपल्याकडे भरपूर काम व्हावे, अशी माझी तळमळ आहे.

लेन्स बनवणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती. माहितीपत्रकात मोटर आणि बैठकीसह पूर्ण वजन छापा, आणि फोकस कोणत्या तापमानापर्यंत टिकतो तेही. ड्रोन उडवणाऱ्याला नेमके हेच विचारायचे असते आणि नेमके हेच सापडत नाही.

उद्या पहाटे साडेपाचला शिरूरकडे प्रात्यक्षिकाला निघायचे आहे. वनकर्मचारी स्वतः कॅमेरा चालवतील. लेन्सच्या अभियंत्यांनी त्यांच्या शेजारी उभे राहावे आणि त्यांचे ऐकावे. नावे चहाच्या वेळी नोंदणी कक्षात द्या. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.