जागा कोणाची?
(हीरक महोत्सवातील व्याख्यान)



तंजावरपासून काही कोसांवर कावेरीकाठी तिरुवैयारु वसले आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखातले हे गाव. संत त्यागराज येथेच राहिले आणि १८४७ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. पुढे त्यांच्या पुण्यतिथीस गवयांचा मेळा भरू लागला. त्यात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. बंगलोर नागरत्नम्मा या गायिकेने १९२१ मध्ये समाधीच्या जागेवर मंदिराचे काम हाती घेतले. आयुष्यभराची मिळकत त्यांनी त्यात घातली. मंदिर १९२५ मध्ये उभे राहिले. मंदिर त्यांच्या पैशाचे, आणि उत्सवात गाण्यास मज्जाव मात्र त्यांनाच! अखेर मंदिराच्या मागील बाजूस त्यांनी स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. तट एकत्र येऊन स्त्रियांना तेथे मोकळेपणी गाता येण्यास १९४० उजाडावे लागले.

योगायोग असा की, त्याच १९२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. आदल्याच वर्षी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा, म्हणजे कारखान्यात राबणाऱ्या मुलींचा सामना पाहण्यास ५३,००० प्रेक्षक लोटले होते. खेळ स्त्रीदेहास मानवत नाही, असे कारण देण्यात आले. ती गर्दीच कोणाच्या डोळ्यांत सलली असावी, ही शंका काही जात नाही. बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.

नागरत्नम्मांपाशी निदान स्वतःची जागा होती. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला ती क्लबच देऊ शकतो: मैदान, प्रशिक्षक, नेमाने होणारे सामने आणि वेतन. शाळा तिला खेळाची गोडी लावते. शाळा सुटली की पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याच तमिळ मुलखात, मदुराईस, २०१६ मध्ये सेतू एफसी हा क्लब स्थापन झाला. भारतीय महिला लीगचे पहिले विजेतेपद मणिपूरकडे आणि दुसरे ओडिशाकडे गेले होते. २२ मे २०१९ रोजी लुधियाना येथे सेतूने अंतिम सामन्यात मणिपूर पोलीस संघाचा ३–१ असा पराभव केला आणि हा मान प्रथमच दक्षिणेत आला. मणिपुरात मुलींचे फुटबॉल गावोगाव रुजलेले आहे. तेथील संघाला अंतिम सामन्यात नमवणे सोपे नव्हते. त्या वर्षी त्याच लीगमध्ये आपल्या कोल्हापूरचाही एक संघ, एफसी कोल्हापूर सिटी, उतरला होता. पेठापेठांत फुटबॉल मुरलेल्या त्या शहराने आपल्या मुलींकडेही पाहिले, ही समाधानाची गोष्ट.

सेतूकडून खेळलेली इंदुमती कथिरेसन ही कडलूरची. भारताकडून खेळलेली ही मधल्या फळीची खेळाडू २०२० मध्ये तमिळनाडू पोलीस दलात उपनिरीक्षक होती. २०२० च्या टाळेबंदीत ती चेन्नईच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभी होती. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु देशासाठी खेळणाऱ्या मुलीच्या पोटापाण्याचा भरवसा चेंडूवर नसून खाकी वर्दीवर होता, ही बाब त्या कौतुकात झाकली गेली. लीगच तेव्हा एका शहरात भरून काही आठवड्यांत उरकत असे. वर्षाचे उरलेले महिने क्लबने खेळाडूंना कशाच्या जोरावर पोसावे?

२०२३-२४ च्या हंगामात चित्र थोडे पालटले. सेतूसह सात क्लब आपापल्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर आळीपाळीने खेळू लागले. लीग काही महिने चालू लागली. २०२३ मध्येच अखिल भारतीय महासंघाने ठरविले की, प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षास निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्यास सत्तावीस हजारांच्या आतच ही रक्कम बसते. पुरुष खेळाडूंच्या करारांपुढे ती नगण्य आहे. तरीही ‘खेळून मिळणार काय?’ असे विचारणाऱ्या आईवडिलांसमोर मुलीला प्रथमच एक आकडा ठेवता येतो.